छपाईयंत्र कोणाचे?

कचेरीत संगणक दहा आणि छपाईयंत्र एकच, ही अनेक लहान संस्थांची स्थिती आहे. ते यंत्र सर्वांना वापरता यावे हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः साधनांविषयीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा वाद त्यात दडलेला आहे. आणि या वादाचा इतिहासही एका छपाईयंत्राशीच निगडित आहे.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर छपाईयंत्र मिळाले. कागद अडकताच वापरणाऱ्यांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या प्रणालीत केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र त्यांना नाकारण्यात आली. ती बाळगणारा संशोधक गुप्ततेच्या कराराने बांधलेला होता. यंत्र सर्वांचे, पण त्याची विद्या तिजोरीत! स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये त्याला लिनस टॉरवाल्ड्स यांच्या लिनक्सची जोड मिळाली.

आज लिनक्सवर ‘कप्स’ ही खुली प्रणाली छपाईचे काम सांभाळते. ज्या संगणकाला यंत्र जोडले आहे तेथे ते सामायिक म्हणून जाहीर करावयाचे. मग जाळ्यातील इतर संगणकांना ते दिसते व सर्वांची कामे एकाच रांगेत लागतात. २००७ मध्ये या प्रणालीचे हक्क ॲपलने विकत घेतले. तिचे मूळ लेखक मायकेल स्वीट २०१९ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले आणि विकास मंदावला. परंतु आज्ञावली खुली असल्यामुळेच ‘ओपनप्रिंटिंग’ या गटाला २०२० मध्ये तो पुढे नेता आला.

अर्थात खुलेपणा म्हणजे गाफीलपणा नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रणालीतील गंभीर उणिवा उघडकीस आल्या. ६३१ क्रमांकाच्या द्वारावर आलेली परक्याची सूचनाही विश्वासाने स्वीकारली जात असे. त्यामुळे बनावट छपाईयंत्र घुसवून संगणकावर आज्ञा चालविणे शक्य होते. म्हणून सुधारित आवृत्ती बसवावी, आणि यंत्र कचेरीच्या जाळ्यापुरतेच सामायिक ठेवून बाहेरचे द्वार बंद करावे.

कार्यकर्त्यांनी संस्थेसाठी यंत्र घेताना किमतीआधी ते लिनक्सवर चालते काय, हे विचारावे. ते जोडण्याची विद्या एकाच जाणकाराकडे न ठेवता किमान तिघांना शिकवावी. अन्यथा कंपनीच्या तिजोरीतील किल्ली एका सहकाऱ्याच्या खिशात जाईल, एवढाच काय तो फरक पडेल.