पाणबुड्याचे घड्याळ, कोपरचे मनगट

गेल्या दिवाळीत, पन्नाशी पूर्ण झाली म्हणून, मुलांनी हट्टाने मला एक स्विस घड्याळ घ्यायला लावले. पाण्यात ३०० मीटरपर्यंत टिकणारे, शिवाय क्रोनोग्राफ असलेले; म्हणजे कळ दाबून हवा तेवढा काळ वेगळा मोजता यावा, अशी सोय असलेले. आमचे घर कोपरला, भांड्यांचे घाऊक दुकान डोंबिवलीत, आणि मला पोहता येत नाही. खाडी जवळ आहे खरी. पण पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले, तर तेवढाच माझा पाण्याशी संबंध.

परिग्रहाचे परिमाण करणाऱ्या घरात असे घड्याळ आले कसे, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. वस्तू उत्तम आहे, टिकते आणि मोल धरते, अशी तीन कारणे मी तेव्हा स्वतःला सांगितली होती. पहिली दोन खरी निघाली. तिसऱ्याविषयी एवढेच, की बहुतेक महागडी घड्याळे दुकानाची पायरी उतरताच भावातही उतरतात. दागिन्याची घडणावळ परत मिळत नाही हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

वस्तू मात्र मनापासून आवडली. १९५३ साली ब्लाँपँ कंपनीने पाण्याखाली उतरणाऱ्या फ्रेंच सैनिकांच्या गरजेतून असे घड्याळ घडवले. तबकडीभोवतीचे कडे फिरवून त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची आणि बुडी मारायची. किती वेळ गेला ते मग कड्यावर वाचायचे. आजच्या घड्याळांत हे कडे एकाच दिशेने फिरते. धक्का लागून सरकलेच, तर गेलेला वेळ ते जास्त दाखवील, कमी कधीच नाही. त्यामुळे हवा शिल्लक असतानाच माणूस वर येतो. देणे जास्त धरावे, येणे कमी, ही आपल्या पेढ्यांवरची जुनीच रीत. क्रोनोग्राफच्या कळा मात्र पाण्याखाली दाबू नयेत, असे बहुतेक कंपन्या बजावतात. ज्या कळांसाठी जास्त पैसे मोजले, त्याच तेथे बिनकामाच्या!

या घड्याळाचा मोजणीचा काटा एका सेकंदात आठ पावले टाकतो. त्याच्या मालकाकडे एके दिवशी खोकेवाला आला. दिवा गावातला हा लहान कारखानदार आम्हाला पुठ्ठ्याची खोकी पुरवतो. अशा उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, हा कायदा २००६ चा. ते थकवले तर ती रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, हेही आता आपल्या सीए मंडळींनी घरोघर सांगितले आहे. त्याच्या बिलाला ७१ दिवस झाले होते. ‘बाजारात उठाव नाही, पुढच्या आठवड्यात बघू,’ मी म्हणालो आणि सवयीने मनगटाकडे पाहिले. त्यानेही पाहिले.

‘घाई नाही शेठ. मुलाच्या फीचं बघतो कुठूनतरी,’ असे म्हणून तो चहा न घेताच उठला.

पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. ७१ चे ४५ काही झाले नाहीत. सेकंदाचा आठवा भाग मोजणारे यंत्र मनगटावर बाळगणाऱ्या माणसाला दिवस मोजता आले नव्हते. तेव्हापासून ते घड्याळ दुकानात नेत नाही, रविवारी घालतो.

लोकांना दिसावे असे घड्याळ करवणारे आपल्यात पूर्वीही होऊन गेले. कापसाच्या व्यापारात अफाट कमावलेल्या आणि १८६५ च्या मंदीत बरेच गमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा मनोरा उभा राहिला. तो १८७८ मध्ये पुरा झाला, आणि त्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. त्यांची दृष्टी गेलेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्यासाठी त्यांना वेळ कळावी म्हणून मनोऱ्यावर घंटा, अशी आख्यायिका सांगतात. घड्याळाची हौस अशीही भागवता येते. आमच्या सोसायटीच्या गच्चीला मात्र ती पेलणार नाही.

माझी आई सामायिकाला वाळूची घडी उलटी करून बसते. ४८ मिनिटांचा एक मुहूर्त, म्हणजे २४ मिनिटांच्या दोन घटिका. सेलवरचे घड्याळ ती त्या वेळी जवळ ठेवत नाही. माझे घड्याळ सेलशिवाय, नुसत्या मनगटाच्या हालचालीवर चालते, असे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले.

‘आणि हात न हलवता बसलं तर?’

दोनेक दिवस चालते आणि मग थांबते, मी म्हणालो.

‘यात अठ्ठेचाळीस कुठे आहे, दाखव बरं.’

मी चष्मा लावून पाहिले. कड्यावर पहिल्या पंधरा मिनिटांनाच एकेक रेघ होती. पुढे पाच-पाच मिनिटांच्या खुणा. ४५ होते, ५० होते. त्यांच्या मध्ये कुठेतरी, असे मी बोट ठेवून सांगू लागलो, तोवर तिने आसन अंथरले होते आणि वाळू पडू लागली होती.