दुरुस्ती झाली, पण कोणाच्या फोनपर्यंत?

‘लिनक्सचा कोड खुला आहे, हजारो डोळे तो पाहतात, म्हणून तो सुरक्षित!’ असे तंत्रज्ञ मंडळी छातीठोकपणे सांगतात. मग ‘डर्टी काऊ’चे काय? कर्नलमधले हे भगदाड २००७ पासून सर्वांसमोर होते. बुजवले गेले ऑक्टोबर २०१६ मध्ये. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहून कोणताही साधा वापरकर्ता यंत्राचा मालक होऊ शकत होता. खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी कबूल केले की, मूळ दोष आपण अकरा वर्षांपूर्वी दुरुस्त करू पाहिला होता. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर अडचण आली आणि ती दुरुस्ती मागे घेतली गेली. म्हणजे नुसते डोळे असून भागत नाही; जबाबदारी कोणाची, हे ठरावे लागते.

खरा सवाल पुढेच आहे. अँड्रॉइड याच कर्नलवर चालते. कर्नलमधली दुरुस्ती आधी गूगल, मग चिप बनवणारा, मग फोन कंपनी अशा उतरंडीतून खाली येते. महागड्या फोनला ती लवकर मिळते. स्वस्त फोनवाल्याच्या वाट्याला उशिरा येते, कित्येकदा येतच नाही. आणि त्याच फोनवर आपली बँक, आपली शिष्यवृत्ती!

खोक्यावर मेगापिक्सल ठळक छापता, मग सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख का नाही? मित्रांनो, सुरक्षा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. ही तारीख खोक्यावर छापणे सक्तीचे करा, अशी मागणी आपणच लावून धरली पाहिजे.