माळ्यावरची वही

मंडळी, हुकूम मोडणाऱ्याला एकनिष्ठ म्हणावं का?

१९६९ साली स्वित्झर्लंडच्या झेनिथने 'एल प्रिमेरो' आणलं. मनगटी घड्याळातलं स्टॉपवॉचवालं ऑटोमॅटिक यंत्र, तासाला चक्क ३६,००० ठोके! पुढे क्वार्ट्झची लाट आली. १९७५ मध्ये अमेरिकन मालकांचा हुकूम सुटला, अवजारं भंगारात काढा. शार्ल व्हर्मो या कारागिराने सगळं गुपचूप माळ्यावर लपवलं, शिवाय कशाचं काय ते वहीत लिहून ठेवलं. त्यावरूनच १९८४ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. १९८८ पासून रोलेक्सच्या डेटोनातही तेच यंत्र बसलं (ठोके कमी करून, पण असो).

माझ्या मते तो कंपनीशी नाही, कामाशी इमानी होता. आणि मला कौतुक त्या वहीचंच जास्त. ती नसती तर माळ्यावर नुसतं लोखंड सापडलं असतं...