खुडूक

आमच्या घरी कोंबड्या आहेत असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "मग खाता का?" आणि दुसरा, "कोंबडा नसताना अंडी कशी काय?" पहिल्याचं उत्तर, ह्यांना खात नाही, बाकीच्यांना खातो. दुसरा प्रश्न खरं तर इंजिनियर माणसानं विचारूच नये. कोंबडा असो वा नसो, कोंबडी अंडं देते. कोंबडा नसेल तर त्यातून पिल्लू निघत नाही, इतकंच. आजचं सगळं पुराण या 'इतकंच'चं आहे.

धायरीला आमचं छोटंसं रो-हाउस आहे आणि मागे दहा बाय बाराची मोकळी जागा. तिथे ठमी आणि बारकी या दोन गावरान कोंबड्या राहतात. बारकी सरळमार्गी बाई आहे. ठमी मात्र वर्षातून तीन-चार वेळा खुडूक होते. ज्यांचं बालपण फ्लॅटमध्ये गेलं त्यांच्यासाठी सांगतो, खुडूक होणं म्हणजे कोंबडीनं अंडी देणं थांबवून ती उबवायला बसणं. नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसालाही आपल्याकडे 'खुडूक बसलाय' म्हणतात. हा कोंबडीवर अन्याय आहे. ती रिकामी बसलेली नसते, तिच्या मते ती चोवीस तास ड्युटीवर असते.

लक्षणं ओळखायला सोपी. संध्याकाळी बारकी काठीवर जाऊन बसते, ठमी खोक्यातच पसरलेली. हात पुढे केला की पिसं फुलवून दुप्पट आकाराची होते, घशातून खर्जात काहीतरी बोलते आणि सरळ टोच मारते. पोटाखालची पिसं गेलेली असतात, कारण अंड्याला कातडीची ऊब थेट लागायला हवी. दिवसातून एखाद्या वेळी उठून घाईघाईत चार दाणे, दोन घोट पाणी, एक भलीमोठी दुर्गंधी विष्ठा (ही ज्यानं साफ केलीय तो विसरणार नाही) आणि परत जागेवर. अंडी काढून घेतली तरी फरक नाही. ती बारकीचं अंडं पोटाखाली ओढते. तेही घेतलं तर टेबल टेनिसचा चेंडू चालतो. तोही नसला तर नुसत्या पेंढ्यावर.

२०२४ च्या वैशाखात ती अशीच बसली, तेव्हा मी काहीच केलं नाही. आळस होताच, पण त्याला मी तत्त्वज्ञानाचं कव्हर घातलं. निसर्ग आहे, आईपण आहे, आपण कोण मध्ये येणार वगैरे. बायकोलाही हे पटलं. फोटो टाकल्यावर ओळखीतल्या सगळ्यांनी 'बिच्चारी, बसू दे तिला' असंच म्हटलं. एकवीस दिवसांत आपोआप उठेल हा आमचा हिशोब.

इथेच घोळ झाला. अंड्यातून पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात हे खरं, पण कोंबडीकडे कॅलेंडर नसतं. मेंदूशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते तिला बसवून ठेवतं. आणि घरट्याचा, अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श ते प्रोलॅक्टिन चढतं ठेवतो. म्हणजे बसलीय म्हणून बसावंसं वाटतं, बसावंसं वाटतं म्हणून बसलीय. यातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे पिल्लांची चिवचिव आणि त्यांचा स्पर्श. आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बाहेर पडायची अट कधीच पूर्ण न होणारा लूप आहे हा. निसर्गात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे कोंबडा असतो. कोंबडा आम्ही ठेवला नाही. मग 'निसर्गाला त्याचं काम करू दे' असं म्हणायचा अधिकार आम्हाला कुठून आला?

ठमी तेविसाव्या दिवशी बसलेलीच. तिसाव्या दिवशीही. बाहेर चाळीसच्या आसपास, पत्र्याखालच्या खोक्यात त्याहून जास्त, आणि ही चोच उघडी टाकून धापा टाकतेय. तुरा फिका पडला होता. उचलली तर हाताला छातीचं हाड लागलं. भाजीच्या पिशवीत घालून वजनकाट्याला लटकवली. एक किलो सातशे ग्रॅमची कोंबडी एक किलो तीनशे झाली होती. पंखाखाली उवा. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला जरा लाज वाटते, पण नाही लागली.

सकाळी कराडजवळ राहणाऱ्या आत्याला फोन केला. तिनं आयुष्यभर कोंबड्या पाळल्यात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, माया करायची तर खाली अंडी घाल, न्हाईतर उठव तिला. नुस्तीच काय बसवून ठिवलीस?"

माझं सगळं मत या एका वाक्यात येतं. पुढचं फक्त तपशील.

अंडी घालायचं म्हणजे कोंबडा असलेल्या कुणाकडून फलित अंडी आणून रात्रीच्या अंधारात तिच्याखाली सरकवायची. ठमीइतकी चांगली आई शोधून सापडणार नाही. पण दहा पिल्लं झाली तर त्यातले निम्मे-अर्धे नर निघणार, आणि चार-पाच महिन्यांचे झाले की पहाटे साडेचारला आरवणार, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत. मग ते जाणार कुठे? 'होऊ दे की तिला आई' म्हणणाऱ्या एकानंही एखादा कोंबडा न्यायची तयारी दाखवली नाही. गावी आत्याकडे त्याचं उत्तर रविवारचा रस्सा असतं आणि त्यात काही ढोंग नाही. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं. म्हणजे दुसरा मार्ग, उठवणं.

उठवायचे जुने उपाय बरेच आहेत. गार पाण्यात बुचकळायचं, पाय बांधून ठेवायचा, नाकपुडीत पीस घालायचं. आत्याच्या सासूबाई पीसवाल्या होत्या. हे मला मंजूर नाही. अंड्यासाठी रुसलेल्या माणसाचा राग आहे तो, उपाय नाही. (आत्या यावर म्हणाली की तुला दहा माणसांचं घर चालवायचं नाही. बरोबर आहे.)

आम्ही केलं ते असं. शेजाऱ्यांचा कुत्र्याचा जाळीचा पिंजरा आणला आणि चार विटांवर ठेवला. तळाचा ट्रे काढून टाकला, म्हणजे खालून मोकळी हवा. आत पेंढा नाही, खोकं नाही, फक्त दाणे आणि भरपूर पाणी. जागा सावलीची, उजेडाची, आणि बारकी समोर दिसेल अशी. रात्री मांजराच्या भीतीनं पिंजरा घरात. पोटाला घरट्याची ऊब मिळाली नाही की ते प्रोलॅक्टिन झपाट्यानं उतरतं. पहिला दिवस तिनं जाळीवरच बैठक मारली आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. दुसऱ्या दिवशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सोडली तर थेट खोक्याकडे पळाली. परत दोन दिवस पिंजरा. पाचव्या दिवशी बाहेर आली, पंख झाडले आणि मातीत लोळायला लागली. उवांची पावडर, सावली, चांगलं खाणं. अंडं यायला त्यानंतर तीन आठवडे लागले, कारण मी महिनाभर उशीर केला होता. आता पहिल्या-दुसऱ्या दिवशी उठवतो, तर तीन दिवसांत काम होतं आणि तिचं वजनही उतरत नाही.

'तीन दिवस पिंजरा म्हणजे क्रूरपणा नाही का?' असं एका मित्रानं विचारलं. तो रोज सकाळी दोन उकडलेली अंडी खातो. ती अंडी देणाऱ्या पोल्ट्रीतल्या कोंबडीची खुडूक व्हायची खोडच निवडीनिवडीनं पिढ्यान्‌पिढ्या काढून टाकलेली असते. म्हणून ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि आमची ठमी साठ-सत्तरवर अडकते. त्याला तसं बोललो. अजून नीट बोलत नाही माझ्याशी. असो.

दुकानात जाऊन गावरान कोंबडी आणणाऱ्यांना मी हल्ली एवढंच विचारतो की खुडूक झाली तर काय करणार. बहुतेकांना तो शब्दच माहीत नसतो.

आज सकाळी ठमी परत फुगून बसली आहे. पिंजरा शेजाऱ्यांना परत केला होता, तो मागायला निघालोय.