कवितेचा तास आणि पडद्यावरचे घड्याळ

मराठीच्या वर्गात पडदा आला त्याला आता बराच काळ लोटला. प्रारंभी त्यावर केवळ मुद्दे उमटत. पुढे त्यांत ध्वनिफिती आणि चित्रफिती आल्या. २०२०च्या टाळेबंदीनंतर तर अध्यापकाच्या आवाजासह आधीच मुद्रित केलेली, आपोआप पुढे सरकणारी सादरीकरणे अनेक महाविद्यालयांत नित्याची झाली. ती कशी तयार करावीत हे शिकवणाऱ्या कार्यशाळाही पुष्कळ झाल्या. परंतु साहित्य शिकवताना आवाज, चित्र आणि अक्षर यांचा मेळ कोणत्या तत्त्वावर घालायचा, याचा विचार आपण साहित्याच्या अध्यापकांनी गांभीर्याने केलेला दिसत नाही. हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी मुळात तो आस्वादाचा आहे.

आपण वापरतो ते साधन कोणासाठी घडले, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. त्याचे घर म्हणजे व्यावसायिक बैठक. साहजिकच त्याचे मूळ एकक 'मुद्दा' हे आहे. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ साली लिहिलेल्या पुस्तिकेत या मुद्देवजा मांडणीमुळे विचाराची साखळी कशी तुटते, याची कठोर चिकित्सा केली. कवितेच्या बाबतीत हा धोका अधिकच गहिरा. मुद्दे काढले की कवितेचा आशय हाती आल्याचा भास होतो आणि कविता मात्र ऐकायची राहून जाते.

तथापि सारा दोष साधनावर ढकलून भागणार नाही. चित्र आणि आवाज यांचा मेळ घालून कथा सांगण्याची परंपरा आपल्याकडे संगणकाहून कितीतरी जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीची चित्रकथी पाहा. रामायण-महाभारतातील प्रसंगांची रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरीत, वाद्यांच्या साथीने कथा गायची आणि सांगायची, असे तिचे स्वरूप. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकायची आणि सोबत निवेदन, संवाद व संगीत योजायचे, असा तो खेळ होता. ध्वनी आणि दृश्य यांचे समकालन हे आपल्याला परके नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मग आजच्या सादरीकरणात नेमके काय बदलले? चित्रकथीत चित्र आवाजाची वाट पाहते. प्रसंग रंगला तर चित्र थांबते, श्रोते कंटाळले तर पुढचे येते. वेळेची सूत्रे सांगणाऱ्याच्या हाती असतात आणि सांगणाऱ्याचे डोळे श्रोत्यांकडे. स्वयंचलित सादरीकरणात हे नाते उलटते. प्रत्येक स्लाइडला सेकंद नेमून दिलेले असतात आणि आवाजाला त्या मापात बसावे लागते. कवितेतला विराम अशा वेळी पहिला बळी ठरतो. दोन ओळींमधली स्तब्धता संगणकाच्या लेखी रिकामी जागा असते. वाचकाच्या लेखी ती अर्थ घडण्याची जागा असते.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. आधी आवाज, मग चित्र, हा क्रम पाळावा. स्लाइड तयार करून त्यांवर बोलण्याऐवजी कविता प्रथम मनाजोगती वाचून मुद्रित करावी आणि त्या वाचनाच्या श्वासांनुसार स्लाइडची विभागणी करावी. सबंध सादरीकरणाखाली एकच लांब ध्वनिफीत पसरली, तर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती पुढचा सारा मेळ बिघडवते. प्रत्येक स्लाइडला तिचा स्वतंत्र ध्वनी जोडला तर दुरुस्ती तेवढ्यापुरतीच राहते. प्रत्यक्ष वर्गात शिकवताना स्वयंचलित वेळ बंदच ठेवावी.

दुसरा प्रश्न अक्षराचा. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे आढळले, की चित्र व निवेदन यांच्या जोडीला तेच निवेदन पडद्यावर लिहून दाखवले, तर आकलन वाढण्याऐवजी घटते. मात्र त्यांचे गाजलेले प्रयोग वीज कशी चमकते, ब्रेक कसा लागतो अशा विषयांवरचे आहेत. कवितेत ओळ कोठे तुटते हाही आशयाचाच भाग असल्याने अक्षर वगळता येत नाही. म्हणून मला असे वाटते, की कविता प्रथम कोऱ्या पडद्यावर केवळ ऐकवावी आणि नंतर तिची संहिता, कोणताही आवाज न जोडता, विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पुरेसा वेळ ठेवावी.

चित्राबाबत तर अधिकच संयम हवा. मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेमागे उंदरांचे छायाचित्र लावले, की प्रतिमेचे दार बंद झालेच. याउलट जात्यावरच्या ओव्या शिकवताना ध्वनी आणि दृश्य अपरिहार्य आहेत. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण आज सर्वांना ऐकता येते. जात्याची घरघर आणि गळ्यातली ओढ यांवाचून छापील ओवी अर्धीच राहते. तेव्हा ध्वनी किंवा दृश्य संहितेचे अंग आहे की निव्वळ सजावट, ही कसोटी प्रत्येक वेळी लावून पाहावी.

एवढी उस्तवार करायला वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि मूल्यांकनाचे अहवाल यांतून उरणारा वेळ सर्वांना ठाऊक आहे. दूरच्या गावाहून येणाऱ्या, तास बुडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मुद्रित सादरीकरण हाच आधार असतो, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच वर्षभरात पन्नास सादरीकरणे करण्यापेक्षा पाच नीट करावीत आणि त्यांतली दोन तरी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावीत. कविता कोणाच्या आवाजात, कोठे थांबून वाचायची, कोणत्या ओळीनंतर स्लाइड बदलायची, पडदा कोठे कोरा ठेवायचा, हे ठरवताना ते ती कविता आठ-दहा वेळा तरी वाचतील आणि आपापसांत वाद घालतील. आयत्या टिपणांवर परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तेवढे वाचन क्वचितच घडते.