पत्र्याच्या पेटीतला इतिहास कोण वाचवणार?

२०२५ च्या पावसाळ्यात रस्तारुंदीकरणासाठी महापालिकेचे बुलडोझर पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर फिरले. परवानगी कोणाकडे होती, मोबदला कोणाला मिळणार, यावर बरेच बोलले गेले. पण घर पडते तेव्हा पत्र्याची पेटीही रस्त्यावर येते. त्या पेटीतल्या ऐवजाचा पंचनामा कोणी करीत नाही. सभेचे पत्रक, भूमिहीनांच्या सत्याग्रहात भोगलेल्या कैदेचा कागद, मोर्चातला फोटो, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला! गरिबाचे दफ्तरखाने म्हणजे हीच पेटी.

१९७२ च्या दुष्काळात आणि १९७८ च्या दंगलीनंतर मराठवाड्यातल्या खेड्यांतून आपली माणसे या शहराच्या आसऱ्याला आली. कडेकडेच्या वस्त्यांत राहिली, मजुरी केली, मुलांना नागसेनवनात शिकवले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि गावोगावचे बौद्धवाडे पेटवले गेले. शहीद पोचीराम कांबळे यांचे नाव आपण घेतो, घेतलेच पाहिजे. परंतु रातोरात गाव सोडणाऱ्या बाईने बरोबर काय घेतले, आसरा कोणी दिला, परतल्यावर शेत कोणाच्या ताब्यात होते, हे विचारले कोणी? तेव्हा विशीत असलेला कार्यकर्ता आज पासष्टीच्या पुढे आहे. पोलिसांच्या दफ्तरात तो सापडलाच तर आरोपी म्हणून सापडेल.

पडेगावावरून जाणारा हाच रस्ता पुढे दौलताबादला जातो. १९३४ साली वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या बाबासाहेबांनी व सहकाऱ्यांनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव अंगावर धावून आला. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते छापले, म्हणून जगाला कळले. बरोबरच्या तीसेक माणसांपैकी किती जणांची जबानी आपल्या हाती आहे?

कागदाचे मोल सरकारला चांगले कळते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली उर्दू व मोडी दफ्तरे उघडली, शोध हैदराबादपर्यंत गेला. त्या मागणीचे बरेवाईट हा आजचा विषय नाही. परंतु ज्या दफ्तरांत कुणबी सापडतो, त्याच दफ्तरांत महार वतनाच्या जमिनी, वेठबिगारी, गावकीची कामे सापडणार नाहीत काय? ती पाने कोणी उलटावीत? शिवाय अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबाचा उर्दूतला कागद पेटीबरोबर गेला, तर नातवाचा प्रवेश अडतो. इतिहास ही फक्त प्राध्यापकांची चैन नव्हे.

हे काम अशक्य नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी गाठून बोलते केले आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले.  आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा मोबाईल आहे, आणि आपण त्यात डीजेचे व्हिडिओ साठवतो!

मुलाखतीला बसताना आधी पेटी उघडायला सांगावी. जुना फोटो समोर ठेवला की म्हातारा माणूस नावानिशी बोलतो. नाहीतर व्यासपीठावरचे भाषण ऐकवतो. म्हाताऱ्या आईला वेगळे बसवून विचारावे, कारण नवरा शेजारी असला की ती 'यांनाच विचारा' म्हणते. आठवणीत सालाची गफलत होते, ती वर्तमानपत्राच्या फायलीशी ताडून पाहावी. मात्र फाइलीत नाही म्हणून आठवण खोटी ठरवू नये. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावा, आपण प्रत घ्यावी. आपल्या लोकांचे कागद नेऊन परत न करणारे विद्वान काही कमी झाले नाहीत.

दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तारदिनी विद्यापीठाच्या दारी मराठवाडा लोटतो. पुस्तकांचे, फोटोंचे, कॅलेंडरचे स्टॉल लागतात. नागसेनवनातल्या विद्यार्थ्यांनी तेथे एक टेबल मांडावे, त्यावर एक स्कॅनर आणि शेजारी दोन खुर्च्या. पडेगावच्या, भावसिंगपुऱ्याच्या वस्त्यांत आठवडाभर आधी निरोप द्यावा : येताना पेटीतले कागद घेऊन या.