‘रूपक’ लिहिलंत, पण कुठलं?

परवा अंतर्गत चाचणीत ‘रूपक अलंकार सोदाहरण स्पष्ट करा’ असा पाच गुणांचा प्रश्न होता. मी व्याख्या घडाघडा लिहिली, पण ‘सोदाहरण’ हा शब्द वाचलाच नाही. दोन गुण मिळाले. दोष माझाच. लहानपणापासून कॅटेकिझमची प्रश्नोत्तरं पाठ करत आलेली मी. प्रश्न अर्धा दिसला की उत्तर सुरू.

माझं मत असं, की व्याख्या पाठ करून अलंकार येत नाहीत. घरी, हाटपिपल्याला, सोयाबीन पिकायला आलं की शेत पिवळं पडतं. ‘शेत सोन्यासारखं दिसतंय’ ही उपमा. ‘शेत जणू सोनंच’ ही उत्प्रेक्षा. ‘शेत म्हणजे सोनंच’ हे रूपक. ‘हे शेत नव्हे, सोनं आहे’ ही अपन्हुती. उपमेय शेत, उपमान सोनं, दोन्ही तीच. फक्त त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं आणि शेवटी उपमेयच नाकारलं गेलं. एवढं कळलं की चारही व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिता येतात, आणि उदाहरण तर हातातच असतं.

इंग्रजीच्या पेपरात गोंधळ वाढतो. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटॅफर, इथवर ठीक. उत्प्रेक्षेला मात्र तिकडे वेगळा रूढ शब्द नाही. ‘जणू’वालं वाक्य बहुतेक वेळा सिमिलीतच जातं. दोन्ही भाषा शिकणारे आपण नेमके इथे फसतो.

त्यात ‘रूपक’ हा शब्दच लबाड! संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे नाट्यकृती. धनंजयाचा ‘दशरूपक’ हा ग्रंथ नाट्याच्या दहा प्रकारांवर आहे, अलंकारावर नाही. तो लिहिला गेला आमच्याच माळव्यात, परमार राजा मुंज याच्या आश्रयाने. मुंजाचा पुतण्या म्हणजे धारचा राजा भोज, अकराव्या शतकातला. ‘सरस्वतीकंठाभरणा’त त्याने शब्दालंकार, अर्थालंकार आणि उभयालंकार असे तीन वर्ग केले, प्रत्येकी २४. आणि उपमा-रूपक टाकले उभयालंकारात! आपल्या पेपरात ते अर्थालंकार. म्हणजे भोजराजाचाही गुण कापला गेला असता. तेव्हा आधी अभ्यासक्रमातलं वर्गीकरण लिहा. भोजाचं मत जागा उरली तर, त्याचं नाव देऊन.

पुढे नेटला बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट: दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. ‘जोड्या लावा’मध्ये खात्रीची एक जोडी धरा आणि ती नसलेले पर्याय खोडा, बऱ्याचदा दोनच उरतात.

आमची पुढची चाचणी सोमवारी आहे. प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारायला पेन्सिल घेऊन जाणार आहे, आणि ‘सोदाहरण’खाली दोन रेघा.